के अक्षराची पेटी

त्या कार्डावरचं अक्षर माझं होतं आणि ते कार्ड लिहिल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. तसं यात दचकण्यासारखं काही नाही. शब्दकोशाच्या कार्यालयात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाने हजारो कार्डं लिहिलेली असतात आणि त्यातली बहुतेक तो त्याच संध्याकाळी विसरतो. विसरला नाही तर वेडा होईल. पण हे कार्ड आधी माझ्या बोटांना कळलं आणि मग मला. बोटं थांबली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी – आम्ही त्याला खोडरबर म्हणतो, कारण दुसऱ्याने लिहिलेलं काहीही त्याच्या हातून जसंच्या तसं सुटत नाही – मान वर न करता म्हणाला, "काय झालं? वाळवी निघाली का?" मी म्हणालो, "छे, काही नाही," आणि कार्ड पालथं ठेवलं. सकाळचे अकरा वाजले असतील. खिडकीतलं ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं, खोडरबरच्या बशीत बिस्किटांचा चुरा होता आणि भिंतीवर डोळे तपासायचा जुना तक्ता नेहमीसारखा लटकत होता. आमचं कार्यालय पूर्वी डोळ्यांचा दवाखाना होतं. तक्ता कोणी काढला नाही, कारण अक्षरं असलेली वस्तू फेकायला आमच्याकडे कोणाचा हात धजत नाही. वरचं मोठं अक्षर सगळ्यांना दिसतं. सगळ्यात खालची ओळ माझ्या टेबलावरून आजवर कोणाला वाचता आलेली नाही. मी उगीचच त्या ओळीकडे बघत बसलो. कार्ड सरळ करायचा धीर होत नव्हता, एवढं खरं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ सुटे करायचे आणि प्रत्येक अर्थासाठी आपल्या भाषेतला शब्द शोधायचा. त्यासाठी हे कोशकार्य सुरू झालं तेव्हाच, पहिल्या पाच-सहा वर्षांत, सगळ्या अक्षरांतल्या शब्दांची मराठी वाक्यं गोळा करून घेतली होती. एका कार्डावर एक वाक्य, वर कोपऱ्यात शब्द, खाली स्रोत आणि तारीख. ती कार्डं पेट्यांत भरून ठेवली आणि मग 'ए'पासून संपादन सुरू झालं. अक्षराची पाळी येईपर्यंत त्याच्या पेटीला कोणी हात लावत नाही. लावून करायचं काय? 'सी' या एका अक्षराने आमची चार वर्षं खाल्ली आणि एक संपादक खाल्ला. 'के'पर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली. काल 'कीन' संपला आणि आज सकाळी मी 'कीप'ची पेटी खाली उतरवली, पुसली, उघडली. कामावर रुजू झालो तेव्हाचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही थोरले साहेब म्हणायचो, त्यांचा एक नियम होता आणि ते गेल्यावरही तो कोणी मोडलेला नाही. मनचं वाक्य चालणार नाही. वाचलेलं असलं पाहिजे, कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे, नाहीतर डोळ्यांसमोर घडलेलं असलं पाहिजे. "मनचं वाक्य म्हणजे खोटी साक्ष," असं ते म्हणायचे आणि आपला चष्मा कपाळावर चढवायचे. तेव्हा आम्ही हसायचो. पण तो नियम आमच्या हाडात असा काही मुरला की, मी आजही घरी साधी थाप मारताना अडखळतो. निदान तसं मी समजत होतो.

शेवटी मी कार्ड सरळ केलं. वर 'कीप'. खाली माझ्या तेव्हाच्या, जरा जास्तच गोलाईदार अक्षरात लिहिलं होतं: भावाने बहिणीचे पत्र तिला न देता स्वतःजवळ ठेवले. स्रोत: घर. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. आता सगळं आठवलं आणि तेही किती बारकाईने! त्या महिन्यात 'कीप'ची कार्डं करायचं काम माझ्याकडे होतं. दुकानातला माल ठेवणे, शब्द पाळणे, गुरं राखणे, वेळ सांभाळणे, दूध टिकणे, चालत राहणे – सगळ्या अर्थांना वाक्यं मिळाली. फक्त एका अर्थाला मिळेना: दुसऱ्याची वस्तू, देणं लागत असूनही, न देणे. वर्तमानपत्रं पालथी घातली. कादंबऱ्या चाळल्या. मनचं वाक्य करायची सोय नव्हती. महिनाअखेर आली होती. आणि त्या संध्याकाळी घरच्या टेबलावर, बहीण शेजारच्या खोलीत आईला औषध देत असताना, मी ते एकमेव खरं वाक्य कार्डावर लिहिलं, शाई वाळवली आणि गठ्ठ्यात घातलं. त्यात मला पाप वाटलं नाही. उलट अर्थ भरून निघाला याचं बरं वाटलं होतं. त्या दिवशी मी नीट जेवलो होतो, हेसुद्धा आठवलं. असली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस करेल असं मला वाटत नाही. चोर चोरी करतो, पण तिचं कार्ड करून पेटीत ठेवत नाही.

पत्राचं सांगायला हवं. धाकटी तेव्हा चोवीस वर्षांची होती. माझ्याहून आठ वर्षांनी लहान म्हणून आई तिला धाकटी म्हणायची, मीही तेच म्हणतो. तिने हवामानाचं शिक्षण घेतलं होतं. समुद्रकाठच्या एका हवामान केंद्रात निरीक्षकाची जागा निघाली, तिने अर्ज केला, तोंडी परीक्षा देऊन आली आणि मग पोस्टमनची वाट बघत रोज दुपारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागली. पत्र आलं त्या दिवशी ती आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी दार उघडलं, सही केली, पाकीट उघडलं. महिन्याच्या आत रुजू व्हावे. आईला तेव्हा कोणी धरल्याशिवाय अंथरुणातून उठवत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, आठ दिवसांनी देऊ, आईला जरा बरं वाटू दे. आठाचे पंधरा झाले. मग महिना उलटला आणि आता दिलं तर काय सांगायचं हा प्रश्न पत्रापेक्षा मोठा झाला. हे झालं मी स्वतःला सांगितलेलं. खरं एवढंच की, मला भीती वाटली. आई आज ना उद्या जाणार होती. धाकटी गेली तर त्या घरात संध्याकाळी दिवा लावणारा मी एकटा उरणार होतो. लग्नाचं माझं जमलं नव्हतं, मित्र म्हणावेत असे कोणी नव्हते. भाषेतल्या सगळ्या शब्दांशी ओळख आणि बोलायला कोणी नाही, अशी गत झाली असती. म्हणून मी तिला ठेवून घेतली. सात आठवडे ती तिसऱ्या पायरीवर बसली. मग एका दुपारी बसली नाही, त्यानंतर कधीच नाही, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. पोर आहे, विसरली, असं मला वाटलं.

कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक खूण होती. लाल पेन्सिलीची, छोटी, शेपटी जरा वर वळलेली. मी ती आधी पाहिली होती, पण तिच्यावरून नजर सरकून गेली होती. आमच्याकडे हाताने लिहिलेल्या प्रत्येक कार्डाची टाइप केलेली जोडप्रत ठेवतात आणि टाइप करून झालं की मूळ कार्डावर टायपिस्ट खूण करतो. त्या काळी टायपिस्ट एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा शेकडो कार्डं पडून होती आणि घरबसल्या काम हवं म्हणून ती मी कोणाला मिळवून दिली होती? मीच. धाकटीला. आईजवळ बसून करता येईल, चार दिवस मन रमेल, म्हणून. गठ्ठे मी स्वतः पिशवीत घालून घरी नेले होते. त्या लाल खुणेची वळलेली शेपटी मी एकोणीस वर्षं रोज बघतोय, कारण आजही आमचं सगळं टायपिंग तीच करते आणि जोडप्रती पेट्यांच्या कपाटात ठेवायला अधूनमधून कार्यालयात येऊन जाते. आता संगणकावर, पण तपासलेल्या कागदावर खूण लाल पेन्सिलीनेच. खोली थंड पडल्यासारखी वाटली. खोडरबरने पंखा लावला होता, एवढंच असेल. मी मनात हिशेब केला आणि तिने जिन्यावर बसणं सोडलं ती दुपार आणि गठ्ठा घरी नेला तो आठवडा एकमेकांना चिकटलेले निघाले.

मग मी पुढची कार्डं काढली. पेटीत जितकी असायला हवी होती त्यापेक्षा ती जास्त होती. शेवटी शेवटी काही अशी होती, ज्यांच्यावर हस्ताक्षर नव्हतं, फक्त टाइप होतं आणि प्रत्येकावर स्रोत एकच: घर. पहिल्याची तारीख माझ्या कार्डानंतर अडीच महिन्यांची, वाक्य: ती वाचून गप्प राहिली. दुसरं: आई आहे तोवर जायचे नाही, असे तिने ठरवून ठेवले. तिसरं आई गेली त्या वर्षाचं: आता सांगेल, असे वाटत राहते. मी एकेक उलटत गेलो. वर्षाला एक, कधी दोन. एकावर: दूध दोन दिवस टिकते; राग किती दिवस टिकतो याची नोंद आढळली नाही. हे वाचून मला क्षणभर हसू आलं, कारण तिचा आवाज ऐकू आला; ती अशीच बोलते, चेहरा कोरडा ठेवून. पुढचं: त्याला ताप आहे. नऊ दिवस डोळ्यात तेल घालून राखला. हे माझ्या न्यूमोनियाच्या वर्षातलं. त्यानंतरचं: तो जेवताना डावा हात टेबलाखाली ठेवतो. मी टेबलाकडे पाहिलं. उजव्या हातात कार्ड होतं. डावा हात टेबलाखाली, मांडीवर मूठ वळून पडलेला होता. तो कधीपासून तिथे होता, मला माहीत नाही. मी तो वर काढून पेटीशेजारी ठेवला, तर तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा दिसायला लागला.

आणखी दोन कार्डं होती. एकावर: तो किल्ली जुन्या बुटात ठेवतो. ही किल्ली माझ्या खोलीतल्या कपाटाच्या आतल्या कप्प्याची. त्या कप्प्यात पत्र आहे. वर्षातून एकदा, पत्र आलं त्या तारखेला, मी कप्पा उघडतो, पाकीट चाचपून जाडी बघतो आणि कप्पा बंद करतो. पाकीट पुन्हा उघडून मात्र मी एकोणीस वर्षांत बघितलेलं नाही. का चाचपतो, ते मलाही सांगता येणार नाही. जिभेने दुखरा दात चाचपतात तसंच काहीतरी. किल्लीचं तर मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललेलो नव्हतो. शेवटच्या कार्डावर वाक्य होतं: ती रोज संध्याकाळी त्याला विचारत राहते. बस. तारीख नाही. या एकाच कार्डावर तारीख नव्हती, आणि धाकटी तारीख विसरणाऱ्यातली नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजवर एकाही दिवसाचा पारा टिपायचा सोडलेला नाही.

ती रोज संध्याकाळी काय विचारते, ते माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. मी घरी येतो, चपला काढतो, ती स्वयंपाकघरातून विचारते, "आज कुठला शब्द?" मी सांगतो. आज 'बेअर', आज 'ड्रॉ', आज 'गो', आणि 'गो' तर सहा महिने पुरला. ती म्हणते, "बरं," आणि पानं मांडते. मला त्यात किती सुख वाटायचं! म्हणायचो, कोणीतरी आहे ज्याला आपल्या कामाचं कौतुक आहे. खोडरबरला मी फुशारकीने सांगितलेलंही आहे, "तुझी बायको विचारते का रे कधी? माझी बहीण एक दिवस चुकत नाही." आता माझ्यासमोर ती हजारो संध्याकाळींची विचारणा एका ओळीत उभी राहिली. 'ए'पासून. ती माझ्या कामाचं कौतुक करत नव्हती. मी किती अंतरावर आलोय ते बघत होती. 'एच'ला तिचा आवाज वेगळा होता का? 'जे'ला? 'जे' लहान आहे, चार महिन्यांत उरकला. त्या चार महिन्यांत तिने सगळ्या खिडक्यांचे पडदे धुतले, हे मला का आठवावं? काल मी 'कीन' म्हणालो, तेव्हा ती "बरं" म्हणाली नव्हती. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला होता फक्त.

दिवसभर मी त्या शब्दाचे अर्थ लावत बसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ठेवणे. राखणे. जपणे. बाळगणे. सांभाळणे. अडवणे. डांबणे. खोडरबर डोकावून म्हणाला, "सांभाळणे आणि अडवणे एका खाली नको घेऊ. लांब लांब टाक, वाचणाऱ्याचा घोटाळा होतो." मी विचारलं, "आणि ज्याला सांभाळतोय त्याला अडवलेलंही असेल तर?" तो म्हणाला, "तर ते त्या माणसाला विचार, कोशाला कशाला विचारतोस?" आणि बिस्किटाचा चुरा तोंडात टाकला. पाच वाजता मी टाइप केलेली ती सगळी कार्डं वेगळी काढली, फाडावीत म्हणून. हात उचलला नाही. कार्ड फाडलेलं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. ती परत पेटीत लावली, तारखेप्रमाणे, आणि पेटी बंद केली.

घराकडे जाणारा रस्ता पंधरा मिनिटांचा आहे. लाँड्री, चष्म्याचं दुकान, सायकली दुरुस्त करणारा, मग आमचा जिना. तिसऱ्या पायरीवर पाय द्यायची मला हिंमत झाली नाही. मी ती ओलांडून चढलो आणि वर जाऊन लक्षात आलं, की मी ती रोजच ओलांडतो. दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटी स्वयंपाकघरात असावी, नळ चालू होता. मी न बोलता माझ्या खोलीत गेलो, बूट उलटा केला. किल्ली पडली. कप्पा उघडला. पाकीट होतं तिथेच होतं, तितकंच जाड. या वेळी मी ते उघडलं. आत पत्र नव्हतं. आमच्या कार्यालयाच्या कार्डाच्या मापाचे पाच-सहा कोरे तुकडे, जाडी भरण्यापुरते, आणि त्यांच्या मधोमध एक खरं कार्ड. कोपऱ्यात शब्द टाइप केलेला होता: 'लीव्ह'. खाली स्रोत: घर. वाक्याची जागा रिकामी. तारखेची जागा रिकामी. अक्षरं आमच्या जुन्या टाइपरायटरची होती, ज्याचा दांडा जरा तिरका बसायचा. ते यंत्र आम्ही अकरा वर्षांपूर्वी भंगारात दिलं. म्हणजे किमान अकरा वर्षं मी दर वर्षी, त्या तारखेला, हे कार्ड चाचपत होतो. ते रिकामं का सोडलंय, हे मला कोणी सांगायला नको होतं. घडल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही, हा नियम तिला मीच शिकवला होता.

नळ बंद झाला. मी कार्ड खिशात घातलं आणि स्वयंपाकघरात गेलो. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, केस मागे बांधलेले, त्यातले कानावरचे पांढरे झालेले. त्रेचाळीस वर्षांची बाई. मला एकदम इतकी माया आली आणि इतकी भीती वाटली, की दोन्ही एकच असावं. तिने विचारलं, "आज कुठला शब्द?"

तोच सूर. मला उत्तर माहीत होतं. एका श्वासाचं काम होतं. रस्त्याने येताना मी ते तोंडातल्या तोंडात दहा वेळा म्हणूनही बघितलं होतं. आणि मी म्हणालो, "कीनच. अजून संपला नाही. मेला चिकट निघाला."

"बरं," ती म्हणाली.

तिने पानं मांडली. माझं माझ्या जागी, तिचं समोर. वाफ येत होती, खाली सायकलवाला कोणाशी तरी हसत होता, सगळं रोजच्यासारखं होतं आणि मला वाटलं, निभावलं. 'कीन'वर आठवडाभर काढता येईल. मग बघू. कदाचित आठ दिवसांनी सांगू. मी पहिला घास घेतला आणि एकाएकी मला माझ्या डाव्या हाताची आठवण झाली. तो टेबलाखाली होता. सहज, कोणालाही कळू न देता, मी तो वर घेतला आणि पानाशेजारी ठेवला.

धाकटीचा घास तोंडापाशी थांबला. ती माझ्या हाताकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिने घास परत पानात ठेवला.

"वाचलीस तर," ती म्हणाली.

मला वाटतं, मी मान हलवली.

"सगळी?"

"सगळी. आणि पाकीटसुद्धा. आत्ता."

"हं." ती पाणी प्यायली. रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर मला काय बोलायचं ते सुचलं असतं. "दादा, मी एक ठरवलं होतं. खूप वर्षांपूर्वी. म्हटलं, पेटी उघडेल त्या दिवशी हा घरी येईल, मी विचारीन, आणि हा नुसता शब्द सांगेल. बाकी काही नको. माफी नको, कारणं नकोत. कारणं मला माहीत आहेत, तुला एकट्याला भीती वाटते. नुसता शब्द सांगितलास तर राहायचं. आता या वयात कुठे जायचं, म्हटलं. राहू."

"मी सांगणार होतो गं."

"मघाशी विचारलं होतं ना मी."

"धाकटे, मी उद्या..."

"आठ दिवसांनी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. ते आठ दिवस मी कोणाजवळ कधी बोललो नव्हतो. कार्डावरही नव्हते.

तिने आपलं पान उचललं, झाकून ठेवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेल घडी करून दांडीवर ठेवला. दाराआड बॅग होती. बॅग कधीपासून तिथे आहे हे मी विचारलं नाही. त्या बॅगेला अडकून माझी छत्री उभी असते, पावसाळ्यात मी ती रोज तिथूनच घेतो. मी विचारलं एवढंच, की जाणार कुठे. "समुद्रावर," ती म्हणाली. "ते केंद्र आहे अजून?" "केंद्र कधीच बंद झालं. तोवर मी दर दोन वर्षांनी पत्र टाकून विचारायचे. समुद्र आहे." मग ती कॅलेंडरजवळ गेली, पेन्सिलीने आजचा पारा लिहिला आणि त्याखाली लाल खूण केली, शेपटी वर वळलेली. "तुझं जेवण गार होतंय," ती म्हणाली. जिन्यावर तिची पावलं मी मोजत होतो. खालून तिसरी पायरी आली तिथे ती थांबली. किती वेळ, सांगता येत नाही. मला वाटलं, बसली असेल. मी उठून बघायला हवं होतं, हाक मारायला हवी होती, खाली धावत जायला हवं होतं. मी टेबलाशी बसून राहिलो, डावा हात पानाशेजारी तसाच ठेवून, आणि जेवण संपवलं.

कार्ड माझ्या खिशात आहे. वाक्याची जागा अजून रिकामी आहे. नियमाप्रमाणे आता लिहायला हरकत नाही, पण मी तिला जाताना डोळ्यांनी बघितलेलं नाही, फक्त पावलं ऐकली, आणि ती तिसऱ्या पायरीवरून पुढे गेल्याचं मला ऐकू आलेलं नाही. सकाळी पायरी रिकामी होती, हे खरं. तरी मी ती ओलांडूनच उतरलो. कार्यालयात 'कीप' खोडरबरला दिला, त्याचा 'केग' मी घेतला. तो म्हणाला, "एवढा मोठा शब्द सोडतोस?" मी म्हणालो, "डोळे दुखतात." संध्याकाळी घरी आलो, चपला काढल्या, ओट्याशी गेलो. पातेल्यावर झाकण होतं. कालचा पारा भिंतीवर होता, आजचा चौकोन कोरा होता. कोणी काही विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली.

"आज केग," मी म्हणालो. "लहान पिंप. एकच अर्थ आहे."